‘जिवाची पर्वा न करता’ : शूर मुलं, त्यांचे पुरस्कार आणि आपण

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी भाषा बोलण्याचीच ठेवली आहे.)



आजचा विषय एका ईमेलमधून आलाय. मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षिका आपला पॉडकास्ट ऐकतात. त्यांनी लिहिलंय की त्यांच्या सहावीच्या वर्गातल्या एका मुलीने दिवाळीच्या सुट्टीत शेततळ्यात पडलेल्या चुलतभावाला वाचवलं. मुलगा लहान, दुसरीतला. ही पाण्यात उतरली नाही. कुंपणाच्या खांबाला पाय अडकवून ती बांधावर पालथी झोपली, ओढणी खाली सोडली, त्याने ती धरली, आणि मग ही नुसती ओरडत राहिली. शेजारच्या शेतातून एक काका धावत आले, तोवर तिने ओढणी सोडली नाही. पोरगं वाचलं.

बाईंचे दोन प्रश्न आहेत. एक सरळ आहे : बालशौर्य पुरस्कारासाठी तिचं नाव पाठवायचं तर कसं पाठवायचं? दुसरा मला जास्त महत्त्वाचा वाटला. गावात काही जण म्हणाले म्हणे, ‘‘ती कुठे पाण्यात उतरली? ओढणी तर टाकली. यात शौर्य कसलं आलंय?’’ आणि बाई विचारतायत, हे शौर्यात बसतं का हो?

बसतं. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणाला शेवटपर्यंत ताटकळायला नको. पण ते गावातले लोक तसं का म्हणाले, याची मुळं आपण शूर मुलांच्या गोष्टी ज्या पद्धतीने सांगतो त्यात आहेत. म्हणून जरा मागे जाऊ.

आपल्यापैकी जे चाळिशीच्या पुढचे आहेत त्यांना सव्वीस जानेवारीची सकाळ आठवत असेल. दूरदर्शनवर परेड चाललेली. रणगाडे, चित्ररथ, आणि मध्येच हत्ती यायचे. हत्तीवर अंबारीत बसलेली मुलं, गळ्यात पदक, हात हलवतायत. निवेदक एकेकाचं नाव सांगायचा, अमुक राज्यातला अमुक, वय बारा, याने बुडणाऱ्या दोघांना वाचवलं. घरातली मोठी माणसं आपल्याकडे बघायची. ते बघणं आठवतं ना? ‘नाहीतर तुम्ही!’ असं काहीतरी त्यात असायचं. नंतर हत्ती गेले, उघड्या जीप आल्या. त्या हत्तींची मजा जीपला नाही, पण हत्तींच्या दृष्टीने बरंच झालं.

तर हे राष्ट्रीय बालशौर्य पुरस्कार सुरू झाले १९५७ मध्ये, भारतीय बालकल्याण परिषदेतर्फे. ही परिषद म्हणजे सरकारी खातं नव्हे, १९५२ मध्ये स्थापन झालेली स्वयंसेवी संस्था. पुरस्काराच्या जन्माची गोष्ट प्रसिद्ध आहे. २ ऑक्टोबर १९५७, दिल्लीचं रामलीला मैदान. कार्यक्रम चाललाय, पंतप्रधान नेहरू प्रेक्षकांत बसलेत. शॉर्टसर्किट झालं आणि शामियान्याने पेट घेतला. लोक आत अडकले. हरिश्चंद्र मेहरा नावाचा चौदा वर्षांचा स्काउट तिथे होता. त्याने आपला चाकू काढला आणि जळणारा शामियाना फाडून लोकांना वाट करून दिली. नेहरूंनी हे डोळ्यांनी पाहिलं, आणि अशा मुलांचा देशाने सन्मान करावा ही कल्पना पुढे आली. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १९५८ मध्ये, नेहरूंच्या हस्ते त्याचा सत्कार झाला.

ही गोष्ट आपण नेहमी ‘बघा, किती धाडसी मुलगा’ इथे संपवतो. मला त्यात दोन गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे तो चाकू. चौदा वर्षांच्या मुलाच्या खिशात चाकू आला कुठून? तो स्काउट होता म्हणून. दोर कसा बांधायचा, कापड कसं कापायचं, गर्दीत गडबड झाली तर काय करायचं, हे त्याला कोणीतरी शिकवलेलं होतं. ते शौर्य आकाशातून पडलेलं नव्हतं.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे ते शॉर्टसर्किट. पुरस्कार सुरू झाला, छान झालं. पण कापडी मांडव, त्यात ओढलेल्या उघड्या वायरी आणि बाहेर पडायला एकच दार, या प्रकाराचं काय झालं? २३ डिसेंबर १९९५ ला हरियाणातल्या मंडी डबवाली गावात शाळेचं स्नेहसंमेलन चाललं होतं. मांडव होता, शॉर्टसर्किट झालं, आग लागली. चारशेहून जास्त माणसं गेली. त्यातली दोनशेहून अधिक शाळकरी मुलं. मधे अडतीस वर्षं गेली होती. मुलाच्या छातीवर पदक लावायचं आपल्याला आठवलं आणि वायरी तशाच राहिल्या, असं मी म्हटलं तर कोणाला राग येऊ नये.

यातच माझं आजचं सगळं म्हणणं आलं, पण जरा उलगडून सांगते.

या पुरस्कारांच्या यादीकडे मोठ्या माणसाच्या नजरेने बघायला हवं. २०१६ च्या यादीत पंचवीस मुलं होती, त्यातल्या चौघांना पुरस्कार मरणोत्तर मिळाला. २०१७ च्या यादीत अठरा मुलं, त्यातली तीन मरणोत्तर. म्हणजे साधारण सहातलं एक मूल ते पदक घ्यायला नव्हतंच. आईवडिलांनी घेतलं. २०१५ च्या यादीत सर्वोच्च असलेला भारत पुरस्कार आपल्या नागपूरच्या पंधरा वर्षांच्या मुलाला मिळाला, तोही मरणोत्तर. तलावात बुडणाऱ्या चार मित्रांसाठी तो पाण्यात गेला. चौघं वाचले, तो नाही. त्याचं नाव सार्वजनिक आहे, पण मी मुद्दाम घेत नाही. त्याच्या घरच्यांनी कधी हा भाग ऐकला तर आपल्या मुलाचा कोणीतरी ‘मुद्दा’ केला असं त्यांना वाटू नये. त्या मुलापुढे मी हात जोडते. चार घरांतले दिवे त्याच्यामुळे तेवत राहिले.

पण मंडळी, त्याच्यापुढे हात जोडणं ही एक गोष्ट आणि वर्गातल्या चाळीस मुलांना ‘असं करा’ म्हणून सांगणं ही दुसरी गोष्ट. या दोन्हींची आपण फार सहज सरमिसळ करतो. त्यासाठी आपल्याकडे एक तयार वाक्य आहे : ‘जिवाची पर्वा न करता’. ‘स्वतःच्या जिवाची पर्वा न करता पाण्यात उडी घेतली.’ बातमीत हेच, सत्काराच्या भाषणात हेच, शाळेच्या फळ्यावर हेच. लिहिणाऱ्याला वाटतं की तो मुलाचं कौतुक करतोय. ऐकणारं आठ वर्षांचं पोर मात्र त्यातून एवढंच घेतं की उडी मारली तर शूर, नाही मारली तर भित्रा.

आता बुडण्याबद्दल थोडं बोलू, कारण शूर मुलांच्या बातम्यांत पाणी सारखं येतं आणि आपल्या राज्यात हा फार मोठा प्रश्न आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग, ज्याला आपण एनसीआरबी म्हणतो, त्यांच्या अलीकडच्या अहवालांनुसार देशात वर्षाला पस्तीस हजारांहून जास्त माणसं बुडून मरतात. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या यादीत वरच्या जागांवर असतात. नदी, विहीर, खाण, धरणाचं पाणी, कालवा, समुद्र, आणि आता शेततळं.

बुडणारा माणूस सिनेमात दाखवतात तसा ‘वाचवा वाचवा’ ओरडत नाही. बहुतेक वेळा त्याला ओरडताच येत नाही. तोंड पाण्याच्या वर येतं तेवढ्या क्षणात श्वास घ्यायचा असतो, आवाज कुठून काढणार? हातही तो हलवत नाही, तर दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबत राहतो, जिना चढल्यासारखं. हे वीस सेकंद ते फार तर मिनिटभर चालतं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, पोरगं पाण्यात खेळतंय. त्यामुळे काठावरच्या माणसांच्या लक्षातच येत नाही, आणि येतं तेव्हा वेळ उरलेला नसतो.

आणि हाताला जे लागेल ते तो धरतो. मिठी मारतो, खांद्यावर चढतो, डोकं खाली दाबतो. त्यात त्याचा काही दोष नाही, त्याचं शरीर ते करतं. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही त्या मिठीतून सुटणं अवघड जातं. मग बारा वर्षांच्या मुलाचं काय होणार? ‘एकाला वाचवायला दुसरा गेला, दोघंही बुडाले’ ही बातमी आपण दर उन्हाळ्यात वाचतो. कधी बहीणभाऊ असतात, कधी मायलेक. वाचतो आणि पान उलटतो.

शेततळ्याचं तर आणखी वेगळं आहे. आपल्याकडे २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि गावोगाव शेततळी झाली. दुष्काळी भागात त्यांचा उपयोग झाला, त्याबद्दल वाद नाही. पण पाणी मुरू नये म्हणून आत प्लॅस्टिकचं अस्तर घालतात. उतार तिरका, त्यावर गुळगुळीत कागद, वर ओल आणि शेवाळ. त्यात पडलेल्या माणसाला, अगदी पोहता येणाऱ्यालाही, बाहेर येता येत नाही. विहिरीला निदान पायऱ्या असतात, कपारी असतात, मोटारीचा पाइप असतो. इथे हात लावाल तिथे हात घसरतो. त्यामुळे ‘मला पोहता येतं’ म्हणून जो आत उडी मारतो, तो मदतीला गेलेला नसतो. तो दुसरा बुडणारा झालेला असतो.

आता त्या सहावीतल्या मुलीकडे बघा. तिने उडी मारली नाही. पाय खांबाला अडकवले, म्हणजे आपण ओढले जाणार नाही याची आधी सोय केली. पालथी झोपली, म्हणजे तोल जाणार नाही. ओढणी टाकली, म्हणजे भावाचा हात आपल्या हाताला लागणार नाही, मधे कापड राहील. आणि ओरडत राहिली, कारण आपण एकटीने त्याला वर ओढू शकणार नाही हे तिला कळलं होतं. जगभर जीवरक्षकांना हाच क्रम शिकवतात : आधी काठावरून काहीतरी पोचवा, नाही जमलं तर तरंगणारं काहीतरी फेका, होडी असेल तर होडीने जा, आणि स्वतः पाण्यात जाणं सगळ्यात शेवटी, तेही प्रशिक्षण असेल तर. तिला हे कोणी शिकवलं होतं का, ते बाईंनी लिहिलेलं नाही. विचारून घ्या बाई. एखाद्या आजीने किंवा आत्याने कधीतरी सांगितलेलं असू शकतं.

आणि त्या काही मिनिटांचा विचार करा. भाऊ खाली, हातात ताणलेली ओढणी, दंड भरून आलेले, कोणी येईल की नाही माहीत नाही. उडी मारणं क्षणाचं काम असतं. हे धरून ठेवणं होतं. तिने स्वतःच्या जिवाची पर्वा केली, म्हणूनच भावाचा जीव राहिला. गावातल्या त्या मंडळींना हे सांगाल का, की तुम्ही ज्याला शौर्य म्हणताय ते तिने केलं असतं तर कदाचित दोन पोरं गेली असती?

असंच एक उदाहरण मुंबईतलं. ऑगस्ट २०१८ मध्ये परळला एका उंच रहिवासी इमारतीला आग लागली. चार जण गेले. त्या इमारतीत राहणाऱ्या दहा वर्षांच्या एका मुलीला नंतर शौर्य पुरस्कार मिळाला. तिने काय केलं? जिने धुराने भरलेले, लोक घाबरलेले. तिने लोकांना कापड ओलं करून नाकातोंडावर धरायला सांगितलं. शाळेत आगीबद्दल जे शिकवलं होतं ते तिला आठवलं. एवढंच. आगीत अनेकदा ज्वाळांच्या आधी धूर मारतो, हे त्या दहा वर्षांच्या मुलीला माहीत होतं आणि आजूबाजूच्या कितीतरी पदवीधरांना नव्हतं. आणि अग्निशमन दलाने त्या वेळी सांगितलं होतं की इमारतीतली आग विझवण्याची यंत्रणा चालत नव्हती. म्हणजे पुन्हा तेच बघा. मूल आपलं काम करतं, आणि ज्या मोठ्या माणसांनी नळ, पाइप, अलार्म बघायचा होता ती कुठे असतात कोण जाणे.

म्हणून मला वाटतं, शौर्य पुरस्काराची प्रत्येक नोंद ही एका अपघाताची नोंदही असते. त्या दुसऱ्या बाजूने ती कोणी वाचतच नाही. मुलाने विहिरीतून कोणाला काढलं? मग त्या विहिरीला कठडा का नव्हता? विजेचा धक्का बसलेल्या माणसाला मुलीने कोरड्या काठीने बाजूला केलं? मग ती तार तिथे किती दिवस लोंबत होती, आणि किती जणांनी तक्रार केली होती? सत्काराच्या व्यासपीठावर सरपंच असतात, तहसीलदार असतात, कधी आमदार असतात. शाल, श्रीफळ, फोटो. त्याच व्यासपीठावरून त्या विहिरीच्या कठड्याची तारीख जाहीर झाली, असं मी तरी अजून ऐकलेलं नाही. तुमच्या गावात झालं असेल तर जरूर कळवा, पुढच्या भागात नाव घेऊन सांगेन.

आता पहिल्या प्रश्नाकडे येते, अर्ज कसा करायचा. इथे लोकांचा खूप गोंधळ होतो, कारण सध्या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

एक, बालकल्याण परिषदेचा जुना पुरस्कार. त्यात भारत पुरस्कार आहे. गीता चोप्रा आणि संजय चोप्रा पुरस्कार होते, १९७८ मध्ये दिल्लीत अपहरणकर्त्यांशी झुंजलेल्या भावाबहिणीच्या नावाने. बापू गायधनी पुरस्कार होता, त्या आडनावावरूनच ओळखू येतं की हे नाव आपल्याकडचं. आणि बाकी सर्वसाधारण पुरस्कार. पदक, प्रमाणपत्र, रोख रक्कम, शिवाय शिक्षणासाठी मदत. पुढे परिषदेवर आर्थिक गैरव्यवहाराचे आरोप झाले, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि महिला व बालविकास मंत्रालयाने या पुरस्कारांपासून अंतर घेतलं. २०१९ च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात परिषदेची मुलं नव्हती. परिषदेने त्यानंतरही आपले पुरस्कार वेगळे दिले. दोन संस्थांच्या भांडणात त्या वर्षीच्या मुलांचं परेड मात्र हुकलं. त्यांनी काय केलं होतं बिचाऱ्यांनी? जीव वाचवले होते.

दुसरा, केंद्र सरकारचा प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार. यात शौर्य हा अनेक विभागांपैकी एक विभाग आहे. बाकी क्रीडा, कला, विज्ञान, समाजसेवा वगैरे. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे, राष्ट्रीय पुरस्कारांच्या सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरायचा असतो आणि कोणीही नाव सुचवू शकतं. हल्ली तो २६ डिसेंबरला, वीर बाल दिवसाला, राष्ट्रपतींच्या हस्ते देतात.

आणि एक तिसरा, ज्याची आठवणच कोणाला नसते : जीवन रक्षा पदक. हे १९६१ पासून आहे. फक्त मुलांसाठी नाही, कोणत्याही नागरिकासाठी. बुडणं, आग, अपघात, विजेचा धक्का, दरड, अशा प्रसंगात दुसऱ्याचा जीव वाचवणाऱ्याला. त्याचे प्रस्ताव राज्य सरकारकडून जातात, त्यामुळे जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा.

बाई, कागदं मात्र आत्ताच जमवा. मुख्याध्यापकांचं पत्र, ग्रामपंचायतीचं पत्र, ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलं त्या काकांचा जबाब, तारीख, वेळ, जागेचा फोटो. परिषदेच्या अर्जाला घटनेचा पुरावा लागतो, म्हणजे वर्तमानपत्राचं कात्रण, एफआयआर किंवा पोलीस डायरीतली नोंद. इथे मला एक गोष्ट खटकते, ती सांगून टाकते. मूल वाचलं, तर एफआयआर कशाचा होणार? कोणी मेलंच नाही, तर पोलीस पाटलाच्या वहीतसुद्धा नोंद होत नाही. आणि वार्ताहर वाडीवस्तीवर येतो कधी, तर अंत्ययात्रा निघाली की. जिथे सगळं नीट पार पडलं, जिथे मुलाने डोकं वापरलं आणि कोणालाच काही झालं नाही, तिथे पुराव्याला कागदच नसतो. तालुक्याच्या वार्ताहराला फोन करा. सांगा की आमच्या गावात एक मूल बुडालं नाही, आणि ही बातमी आहे.

एक विनंती. त्या प्रस्तावात ‘जिवाची पर्वा न करता’ लिहू नका. हात आपोआप ते लिहायला जाईल, आवरा. तिने काय काय केलं ते क्रमाने लिहा. पाय अडकवले, झोपली, ओढणी टाकली, ओरडली, धरून ठेवलं. निवड करणाऱ्यांना ते कमी रोमांचक वाटलं तर वाटू दे.

बरं, पुरस्कार आणि शिकवणं यांची जोडी ही काही माझी कल्पना नाही, फार जुनी आहे. लंडनमध्ये १७७४ साली विल्यम हॉज आणि थॉमस कोगन या दोन डॉक्टरांनी एक संस्था काढली, तीच पुढे रॉयल ह्युमेन सोसायटी म्हणून ओळखली गेली. बुडून मेल्यासारख्या दिसणाऱ्या माणसाला पुन्हा श्वास देऊन जिवंत करता येतं, हे लोकांना पटवायचं हा त्यांचा हेतू. पद्धत शिकवायची आणि जो प्रयत्न करेल त्याला बक्षीस द्यायचं. सुरुवातीला पैसे देत. मग लंडनच्या बेरक्या लोकांनी जोड्या लावल्या : एकाने बुडायचं, दुसऱ्याने वाचवायचं, बक्षीस वाटून घ्यायचं! त्यामुळे रोख पैसे मागे पडले आणि पदकं, प्रशस्तिपत्रं आली. गंमत सोडा, पण त्यांचा मूळ विचार बघा. बक्षीस हे लोकांना रीत शिकवण्यासाठी होतं. आपण बक्षीस ठेवलं आणि रीत शिकवायची राहिली.

जागतिक आरोग्य संघटना बुडण्याचे मृत्यू टाळण्यासाठी जे उपाय सांगते, त्यात शाळेच्या वयातल्या मुलांना पोहणं आणि पाण्यातली सुरक्षितता शिकवणं आहे, आणि काठावरच्या सामान्य माणसांना सुरक्षित बचाव आणि श्वास देणं शिकवणं हेही आहे. आपल्याकडे पोहणं शिकवायची परंपरा होतीच. पाठीला डबा बांधायचा किंवा कमरेला वाळका भोपळा, आणि काकाने विहिरीत ढकलून द्यायचं. पोरगा रडायचा, दोन दिवसांत पोहायचा. मुलींच्या वाट्याला मात्र ते फारसं आलं नाही. गंमत म्हणजे धुणं घेऊन नदीवर, तळ्यावर जातात त्या मुलीच. पाण्याच्या सगळ्यात जवळ त्या, आणि पोहायला शिकवायचं मुलग्यांना. हे कुठल्या हिशोबात बसतं मला माहीत नाही.

आणि पाण्यातून बाहेर काढल्यावर काय? आपल्याकडे पोट दाबतात, उलटं धरतात, पाठीवर घेऊन पळतात, पाणी निघावं म्हणून. त्यात सोन्यासारखी मिनिटं जातात. बुडालेल्याला हवी असते हवा. श्वास चालत नसेल तर उताणं झोपवा, हनुवटी वर करा, नाक दाबून तोंडाने श्वास द्या, आणि मग छातीच्या मध्यभागी दाबणं सुरू करा. त्याच वेळी दुसऱ्या कोणीतरी १०८ ला किंवा ११२ ला फोन लावायचा. हे ऐकून जमत नाही, हाताने करून बघावं लागतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना किंवा १०८ च्या कर्मचाऱ्यांना शाळेत बोलवा, एक तास मागा. बरेच जण आनंदाने येतात.

बाईंनी शेवटी विचारलंय की परिपाठात तिची गोष्ट सांगू का. जरूर सांगा, पण नुसती सांगू नका. मैदानावर चुन्याने शेततळं आखा. एकाला आत बसवा, बाकीच्यांना काठावर. दप्तराचे पट्टे, ओढण्या, उसाचं टिपरं, बूच घट्ट लावलेली रिकामी पाच लिटरची कॅन, जे असेल ते द्या. जो आत उडी मारेल तो बाद. मुलांना हा खेळ फार आवडेल, आणि कोण आधी मोठ्या माणसाला हाक मारायला पळतो ते बघा, त्यालाच जिंकलेला म्हणा. त्या मुलीला पंच करा. मात्र घाबरून, रात्री दचकून उठत असेल तर आधी तिच्याशी निवांत बोला. सत्काराच्या गडबडीत आपण हे विसरतो. ती अकरा वर्षांची आहे आणि तिने भावाला जवळजवळ जाताना पाहिलंय.

आणि ज्यांच्या शेतात तळं आहे त्यांच्यासाठी. एक जाड नायलॉनचा दोर घ्या, दर हातभर अंतरावर गाठी मारा. एक टोक बांधावरच्या पक्क्या खुंट्याला, दुसरं पाण्यात, त्याला रिकामी कॅन बांधा म्हणजे ते तरंगत राहील. चारही बाजूंना एकेक असा दोर सोडा. जुनी ट्रॅक्टरची ट्यूब हवा भरून कुंपणाला अडकवून ठेवा, आणि ती ‘कामाला लागते’ म्हणून घरी नेऊ नका. कुंपणाला फाटक, फाटकाला कडी, मुलाच्या हाताला लागणार नाही इतकी उंच. कागदाच्या अस्तरावर जो खर्च झालाय त्यापुढे हा खर्च काहीच नाही. दोर उन्हाने कुजतो, दरवर्षी पावसाळ्याआधी ओढून बघायचा.

दोर बांधलात तर फोटो पाठवा, आपण ते ब्लॉगवर लावू. पुढच्या भागात शाळेच्या बसबद्दल बोलायचंय, चालक आणि मदतनीस ताई दोघंही येणार आहेत. भेटू. नमस्कार.